मटणाच्या ताटासोबत मेर्त्सन की हेफेवाइझन?

पाहुण्यांसाठी कोल्हापुरी ताट ठरलंय, पण जर्मन पद्धतीची तांबूस लागर बिअर, म्हणजे मेर्त्सन, आणावी की गव्हाची बिअर, म्हणजे हेफेवाइझन, इथे गाडी अडते. लेबलवरचं वर्णन सोडा, चव बघा.

मेर्त्सनच्या म्युनिक माल्टला (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) भाजलेल्या पावाच्या कडेचा स्वाद असतो, शेवट कोरडा. सुक्क्या मटणातल्या भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याशी तो अप्रतिम जुळतो. मात्र अल्कोहोल ६ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तांबड्या रश्शाचा जाळ वाढतो. ८ ते १० अंशांवर प्या. बर्फगार केली तर माल्ट लागतच नाही.

हेफेवाइझनमध्ये निदान निम्मं माल्ट गव्हाचं. केळं-लवंगेचा वास यीस्टचा. अल्कोहोल ५ टक्क्यांजवळ, कडवटपणा कमी, म्हणून तिखटावर सौम्य. ओतायला जरा मेहनत: ग्लास ओला करून तिरका धरा, शेवटचा घोट बाटलीत घोळवून यीस्टसकट ओता.

टिकण्यात मेर्त्सन सरस. हेफेवाइझन ताजीच हवी, तिचा वास लवकर उतरतो. एप्रिलच्या उन्हात गाडीत राहिली तर दोन्ही बिघडतात. ओल्या पुठ्ठ्याची चव आली की समजा, ऑक्सिजनने घात केला.

सुक्कं आणि पांढरा रस्सा असेल तर मेर्त्सन घ्या. तांबडा झणझणीत असेल, किंवा पाहुणे बिअरला नवे असतील, तर हेफेवाइझन.