डिफ वाय की विमडिफ, काय वापरायचं?

दोन टेक्स्ट फाईल शेजारी शेजारी लावून बघायच्या असतील, समजा दूध संस्थेची मागच्या अन् ह्या दहा दिवसांची बिलाची यादी, तर टर्मिनलवर (कमांड टाईप करायच्या खिडकीत) डिफ, म्हणजे फाईलींतला फरक दाखवणारी कमांड, तिला हायफन वाय लावा (diff -y), काम झालं. मधल्या रकान्यात उभी रेघ म्हणजे ओळ बदललीय, बाण म्हणजे ती एकाच बाजूला हाय. फक्त रुंदी मुळात 130 कॉलमची, म्हणजे साधारण 130 अक्षरांची, त्यामुळं लांब ओळी सरळ कापल्या जातात अन् फरक नेमका शेपटीला असला की दिसतच नाही, मग हायफन कॅपिटल डब्ल्यू (-W) अन् आकडा देऊन रुंदी वाढवायची. अन् जुन्या व्हर्जनमध्ये देवनागरी नावं असली की रकाने पार वाकडे होतात, आपल्याकडं तर सगळी नावं मराठीतच!

विमडिफ, म्हणजे विम ह्या टेक्स्ट एडिटरात फाईलींतला फरक दाखवणारी सोय, लई भारी हाय भावा. ओळीतला नेमका बदललेला भाग रंगवून दाखवतो, सारख्या ओळी मिटवून ठेवतो, डी-ओ दाबलं की पलीकडचा बदल इकडं, डी-पी दाबलं की इकडचा तिकडं. पण विम येत नसंल तर बाहेर कसं पडायचं इथंच गाडी अडते.

स्क्रिप्टमध्ये किंवा नुसतं बघायला डिफ, दुरुस्ती करायची असंल तर डोळं झाकून विमडिफ.