केंटमधील निर्वासित-साहाय्य संस्था: भिंतीवरचा फलक आणि आईचा अर्ज

सिएटलच्या दक्षिणेस, केंट येथे स्थलांतरित व निर्वासित कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या स्वागतकक्षात डाव्या भिंतीवर एक फलक आहे. त्यावर देणगीदारांची नावे नाहीत. कर्मचाऱ्यांनी वर्षभरात काय मिळवले, त्याची ती नोंद आहे: बालवाडीच्या एका शिक्षिकेने बालविकासाचे प्रमाणपत्र मिळवले, एक जण वैद्यकीय दुभाष्याची परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि दरी ही भाषा बोलणाऱ्या एका अफगाण कार्यकर्तीला अमेरिकेच्या न्याय विभागाची मान्यता मिळाली. पहिल्या भेटीत मी तो फलक केवळ वेळ जावा म्हणून वाचला; ताटकळण्याला तिथे तोटा नाही.

यांपैकी शेवटच्या नोंदीचा अर्थ मला नंतर उमगला. वकील नसलेल्या व्यक्तीलाही, ती मान्यताप्राप्त ना-नफा संस्थेत काम करीत असेल आणि तिचे कायद्याचे ज्ञान व चारित्र्य यांविषयी विभागाची खात्री पटली असेल, तर इमिग्रेशन प्रकरणांत अर्जदाराचे प्रतिनिधित्व करता येते. अंशतः मान्यता असल्यास ते नागरिकत्व व इमिग्रेशनचे अर्ज पाहणाऱ्या गृहसुरक्षा खात्यापुरते असते, पूर्ण मान्यता असल्यास इमिग्रेशन न्यायालयातही उभे राहता येते. मान्यतेची मुदत तीन वर्षांची असून पुढे ती नूतनीकृत करावी लागते.

माझ्या आईचे ग्रीन कार्ड २००८ सालचे. २०२४ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, तिने नागरिकत्वाचा अर्ज करायचे ठरवले तेव्हा आम्ही आधी एका खासगी सल्लागाराकडे गेलो. त्याने शुल्क चोख घेतले आणि इंग्रजीचा सराव करायला सांगितले. त्यानंतर चार महिने आई पूजा आटोपली की दोनशे पानी वही घेऊन बसायची आणि ‘सिटिझन्स कॅन व्होट’ हे वाक्य शाळकरी मुलीसारखे गिरवायची. रात्री झोपेतही ती स्पेलिंगे पुटपुटत असे.

शेवटी आम्ही या संस्थेत आलो. फलकावरच्या त्या अफगाण कार्यकर्तीने कागदांची पिशवी उघडल्यावर प्रथम दोनच तारखा पाहिल्या, जन्माची आणि ग्रीन कार्डाची. मग मोडक्या हिंदीत ती म्हणाली, “खाला, आपको अंग्रेजी का इम्तिहान देना ही नहीं है.” अर्ज करताना वय ५५ पूर्ण असेल आणि कायम रहिवासाला १५ वर्षे झाली असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ असते आणि नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्याच्या मदतीने स्वतःच्या भाषेत देता येते. पासष्टी ओलांडलेल्यांना केवळ २० प्रश्न अभ्यासावे लागतात, हेही तिने सांगितले. मात्र त्यासाठी २० वर्षांचा रहिवास हवा आणि तो आईचा भरत नव्हता, तेव्हा यादीतले शंभरही प्रश्न करावेच लागतील, असे तिने लगोलग बजावले. खोटा दिलासा न देण्याची ही रीत मला फार आवडली. आई मात्र ‘खाला म्हणजे मावशीच की!’ यावरच खूश होती.

शंभर प्रश्नांचा मराठी तर्जुमा मी केला. दुभाषी घरातली नको, असे सुचवून संस्थेने एका मराठी बाईंची सरावासाठी दोनदा गाठ घालून दिली. टक्विला येथील सरकारी कार्यालयात परीक्षेच्या वेळी आईला २७ घटनादुरुस्त्या आणि प्रशांत महासागर दोन्ही अचूक आठवले, आणि पहिली सहा उत्तरे बरोबर येताच, तेवढी पुरेशी असल्याने, अधिकाऱ्याने पुढचे प्रश्न विचारले नाहीत. ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क ७१० डॉलर होते; संस्थेने त्याखेरीज नाममात्र रक्कम घेतली.

उणिवा आहेतच. फोन सहसा उचलला जात नाही, आणि ठरल्या वेळेनंतर तास-दीड तास थांबावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांचा प्रवेश कार्यक्रम स्थगित झाल्यापासून तिथली काही टेबले रिकामी दिसतात, त्यामुळे उरलेल्यांवरचा भार उघड जाणवतो. फलकाविषयीही एक तक्रार आहे: त्या मान्यतेने अर्जदाराला नेमके काय मिळते, हे दोन ओळींत तिथेच लिहिले असते तर आमच्यासारखी माणसे आधी दुसरीकडे गेली नसती.

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठी प्रश्न १२८ झाले असून २० पैकी १२ उत्तरे बरोबर यावी लागतात. जुने-नवे सर्व पासपोर्ट सोबत न्यावेत. एक पासपोर्ट घरी राहिल्यामुळे आमची एक फेरी वाया गेली.