बारसूचा सडा: हळवा प्रश्न की नेमका?

एप्रिल २०२३. कोकणात राजापूरजवळ बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, बायका रस्त्यावर आडव्या झाल्या.

हळवा बातमीदार विचारतो, "काकी, कसं वाटतंय?" डोळ्यांतलं पाणी टिपलं की मुलाखत संपली. वाटते आंदोलनाच्या बाजूची, पण काकी त्यात साक्षीदार नसतात, फक्त रडणारा चेहरा असतात. अधिकाऱ्यालाही तो "रोजगार किती?" एवढंच विचारतो. हा मऊपणा जास्त महागात पडतो.

नेमका बातमीदार विचारतो: ग्रामसभेचा ठराव काय? जमावबंदी कशासाठी? आणि आंदोलनाच्या पुढाऱ्यांना: जमीन द्यायला जे राजी आहेत, त्यांचं काय? मी रिफायनरीच्या विरोधकांच्या बाजूचा, तो प्रश्न मला बोचतो. तरी हवाच.

रिफायनरीबद्दल लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे त्याच वर्षी फेब्रुवारीत गाडीखाली चिरडले गेले. त्यानंतर मऊ विचारायला माझी जीभ धजत नाही.