मेळाव्याचे बिल्ले: आकार, अक्षर आणि अडकवण्याची सोय

कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात गेल्या जुलैमध्ये आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला आणि २४० जणांच्या नावांचे बिल्ले तयार करून घेण्याचे काम माझ्याकडे आले. लक्ष्मीपुरीतील एका छपाईच्या दुकानातून मी ते करून घेतले. त्या दुकानाचे काम कसे झाले आणि तिथे मिळणाऱ्या प्रकारांपैकी कोणता कशासाठी उपयोगी पडला, हे असे कार्यक्रम करणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

आधीच्या मेळाव्यात आम्ही एटीएम कार्डाच्या आकाराचे, म्हणजे साधारण ८६ बाय ५४ मिलिमीटरचे बिल्ले घेतले होते. त्यावर शाळेचे बोधचिन्ह, मेळाव्याचे नाव, दिनांक आणि देणगीदाराची पट्टी एवढे सगळे बसवल्यावर नावासाठी जेमतेम बोटभर जागा उरली. तीस वर्षांनी भेटणारी माणसे एकमेकांच्या छातीजवळ वाकून नाव वाचत होती आणि समोर बाई असली की न वाचताच ओळख असल्यासारखे बोलत होती. बिल्ला समोरच्याने दोन हातांवरून वाचायचा असतो. म्हणून आधी नावाचे अक्षर ठरवावे आणि मग त्याला पुरेल असा कागद घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

या वेळी ए-६, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, आणि त्याच्या निम्मा ए-७ असे दोन्ही नमुने दुकानदारांनी कापून दाखवले. ए-६ वर कार्यक्रमपत्रिका मागे छापता येते, त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या परिषदेला तो योग्य आहे. एका दिवसाच्या मेळाव्यात मात्र तो छातीवर पाटी लावल्यासारखा दिसतो. आम्ही ए-७ आडवा घेतला. पहिले नाव ४० पॉइंटात, त्याखाली आडनाव आणि दहावीचे वर्ष २० पॉइंटात, अशी मांडणी केली. देवनागरीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: वेलांट्या, मात्रा आणि उकार शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली जागा घेत असल्याने त्याच पॉइंटातील इंग्रजी अक्षरापेक्षा मराठी अक्षर लहान भासते. ‘हृषीकेश’ आणि ‘मृणालिनी’ या नावांतील ऋकार सुरुवातीच्या नमुन्यात खालच्या ओळीला टेकत होता, म्हणून दोन ओळींतले अंतर वाढवावे लागले.

आमच्याकडे आडनाव मोठे छापून उपयोग नसतो. एकाच तुकडीत सात पाटील होते. त्यामुळे आडनावाशेजारी कंसात गाव घातले, कसबा बावडा, शिरोली, कागल, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींच्या बिल्ल्यावर माहेरचे आडनाव आधी ठेवले. या एका बदलाने जेवढी जुनी ओळख पटली, तेवढी दुसऱ्या कशानेही पटली नसती.

दुकानाच्या कामातील खरी उणीव अक्षरजुळणीत निघाली. मी यादी युनिकोडमध्ये दिली होती. ती त्यांच्या संगणकावरील जुन्या फॉन्टमध्ये बदलताना ‘कुऱ्हाडे’मधला ऱ्ह तुटला आणि एकूण अकरा नावांत अशी मोडतोड झाली. मी पडद्यावर पाहून होकार दिला होता, तरी छपाईपूर्वी कागदावरचा नमुना द्यायला हवा होता, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ती अकरा कार्डे त्याच संध्याकाळी पैसे न घेता पुन्हा छापून दिली, हेही तितकेच नोंदवण्यासारखे आहे.

अडकवण्याच्या पद्धतीचा निर्णय मात्र कपड्यांवरूनच घ्यावा लागतो. सेफ्टी पिन सर्वांत स्वस्त आणि सुती शर्टाला पुरेशी. पण मेळाव्याला पैठणी किंवा इरकली नेसून येणाऱ्या बाईला ती टोचायला सांगणे मला पटत नाही, कारण रेशमाला पडलेले छिद्र बुजत नाही. क्लिपला खिशाची कड किंवा कॉलर लागते आणि नेहरू शर्टावर तिला धरायला काहीच मिळत नाही. चुंबकाचा बिल्ला कापडाला इजा करत नाही आणि सरळ राहतो, परंतु जाड जाकिटावर त्याची पकड सुटते. शिवाय ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी असे चुंबक छातीवर लावूच नयेत. आमच्या पहिल्या तुकड्या आता सत्तरीकडे आल्या आहेत, म्हणून नोंदणीच्या टेबलावर चुंबकाचा बिल्ला देताना प्रत्येकाला हे विचारायला दोन स्वयंसेवक बसवले.

गळ्यातली फीत सगळ्यांना चालते, म्हणून बहुसंख्य बिल्ले आम्ही फितीवरच दिले. तिचे दोन दोष आहेत. एका हुकाची फीत असेल तर कार्ड फिरते आणि निम्मा वेळ कोरी बाजू समोर राहते. दोन हुकांची फीत थोडी महाग पडली तरी ती घ्यावी किंवा नाव दोन्ही बाजूंना छापावे. आम्ही दोन्ही केले. दुसरा दोष लांबीचा. बाजारातली तयार फीत गळ्यात घातल्यावर सुमारे ४५ सेंटीमीटर खाली येते. कार्ड पोटावर लोंबते आणि जेवताना वाकले की थेट तांबड्या रश्श्याच्या वाटीत जाते. दुकानदारांनी आमच्या सांगण्यावरून फिती आखूड शिवून घेतल्या, त्यामुळे कार्ड छातीच्या वरच्या भागावर राहिले आणि मंगळसूत्रातही फारसे अडकले नाही.

पाऊस दिवसभर होता. दुकानात लेसर छपाई होती, त्यामुळे पाऊचच्या उघड्या तोंडातून पाणी आत गेले तरी अक्षरे पसरली नाहीत. घरच्या इंकजेटवर ऐनवेळी काढलेली चार कार्डे मात्र दुपारपर्यंत निळसर डाग होऊन बसली. पुढच्या वेळीही मी याच दुकानात जाईन, यादी आठ दिवस आधी देईन आणि बोधचिन्ह छापलेली वीस कोरी कार्डे व एक जाड मार्कर सोबत ठेवीन. नोंदणी न करता आलेल्या वर्गमित्राचे नावही इतरांच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिले जावे, यासाठी.