विंडोज ११ आणि उबुंटू एकाच एसएसडीवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, आधीचं विंडोज ११, शेजारी उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली. रोज दोन्ही वापरल्यावरचं मत: डिस्कची वाटणी सोपी आहे, डोकं खातं ते विंडोजचं फास्ट स्टार्टअप, म्हणजे लवकर सुरू होण्याची सोय.

ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्थिती हायबरफिल फाइलमध्ये साठवली जाते आणि विंडोजचं एनटीएफएस पद्धतीचं पार्टिशन (डिस्कचा भाग) अर्धवट उघडंच राहतं. उबुंटूतून ते मग फक्त वाचता येतं, कधी माउंटच होत नाही, म्हणजे उघडतच नाही. जबरदस्तीनं काही लिहिलंच, तर विंडोज उठतं ते जुन्या नोंदी घेऊन, आणि नवीन फायली गायब! ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र विंडोज पूर्ण बंद होतं, म्हणून हा त्रास कधी होतो, कधी नाही, आणि कारण लवकर सापडत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’ दिलं की हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, शिवाय काही जीबी जागा सुटते. मोठ्या अपडेटनंतर ते परत चालू झालेलं नाही ना, एवढं बघावं.

हीच हायबरफिल फाइल वाटणीच्या वेळीही आडवी येते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ केलं की दोनशे जीबी रिकामे असूनही वीसच कापता येतील असं दिसतं. हायबरफिल, पेजफाइल (रॅमला जोड म्हणून वापरली जाणारी फाइल), रिस्टोअर पॉइंट यांतलं काही मध्येच बसलेलं असतं आणि ते हलत नाही. पेजफाइल आणि सिस्टम प्रोटेक्शनही तात्पुरतं बंद करा, रीस्टार्ट, मग श्रिंक. सुटलेली जागा तशीच ठेवा, तिला ड्राइव्ह लेटर देत बसू नका. बॅकअप आधी घ्यायचाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मशीनबाहेर लिहून ठेवा. बूटची व्यवस्था बदलली की ती मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर डेटावर पाणी सोडायचं.

५१२ जीबी विंडोजला ४७६ दिसतात. त्यांची वाटणी अशी: सी (विंडोज) २२०, रूट (उबुंटूची प्रणाली) ६०, होम (उबुंटूतल्या स्वतःच्या फायली) ९०, सामायिक एनटीएफएस सुमारे १००. रूटला ३० पुरतात असं बरेच जण सांगतात. स्नॅप (उबुंटूची ॲप-पाकिटं), जुने कर्नल आणि डॉकर (ॲप वेगळी चालवण्याचं साधन) हे सगळं रूटवरच साठत जातं, त्यामुळे पुरत नाहीत. एक्स्ट४ (लिनक्सच्या फाइल-पद्धतीचं) पार्टिशन उजवीकडे वाढवणं काही मिनिटांचं काम. डावीकडे वाढवायचं तर अख्खा डेटा सरकवावा लागतो, तास जातात आणि मध्येच वीज गेली की सगळं गेलं. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेसाठी) वेगळं पार्टिशन केलेलं नाही, स्वॅपफाइल पुरते.

ईएफआय पार्टिशन (प्रणाली सुरू करणारे बूटलोडर राहतात ते) विंडोजचंच, १०० एमबीचं. ग्रबला (उबुंटूच्या बूटलोडरला) तिथे थोडेच एमबी लागतात, कर्नल रूटवर राहतात. इन्स्टॉलरमध्ये या पार्टिशनसमोर ‘फॉरमॅट’ची खूण नको, नाहीतर विंडोजचा बूटलोडर पुसला जाईल.

कधी अपडेटनंतर मशीन थेट विंडोजमध्ये जातं. ग्रब बहुधा जागेवरच असतो, फर्मवेअरच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर वर सरकलेला असतो. यूईएफआयमध्ये (मदरबोर्डच्या याच फर्मवेअर सेटिंगमध्ये) जाऊन क्रम बदलला की झालं. उलट ग्रबच्या मेनूत विंडोजच नसेल तर ओएस-प्रोबर (इतर प्रणाली शोधणारा प्रोग्राम) चालू करून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. ग्रब २.०६ पासून तो मुळात बंद ठेवलेला आहे.

घड्याळ पुढेमागे होत असेल तर विंडोज मदरबोर्डवरची वेळ स्थानिक धरतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), एवढंच कारण. उबुंटूत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की दोघं एकच वेळ दाखवतात.