हायरायडर हायब्रिड : मायलेज ब्रेकमध्ये आहे, पण 0.76 युनिटची बॅटरी घाटात नडते

टोयोटाची हायरायडर हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. कंपनीचा दावा लिटरला 27.97 किलोमीटरचा. टाकी फुल करून, त्याच पंपावर पुन्हा भरून काढलेलं खरं मायलेज असं : कोल्हापूर शहरात 23 ते 25, हायवेला 80 च्या वेगात जवळपास तेवढंच, आणि 100-110 ला नेली की 19-20. शहरात प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत मिळते. हायवेला ब्रेकच लागत नाही, शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

त्यामुळे आधी ब्रेकचा पाय सुधारायचा. कावळा नाक्याला लाल सिग्नल दिसला की शंभर-सव्वाशे मीटर आधीच ॲक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक हलका पण लांबवर दाबून ठेवा. समोरच्या मीटरची सुई चार्जच्या पट्ट्यात आहे तोवर मोटरच गाडी आवरते आणि वीज बॅटरीत जाते. सुई पट्ट्याच्या तळाला टेकली की उरलेलं काम ब्रेक पॅडचं, ती ऊर्जा उष्णता होऊन वाया गेली. मागून केएमटीची बस हॉर्न मारत असेल तर हे जमत नाही, तेव्हा सोडून द्या.

सिग्नल सुटल्यावर बहुतेक जण उलटं करतात. इंजिन लागू नये म्हणून मुंगीच्या पावलानं गाडी रेटतात. बॅटरी उतरते, मग ती भरायला इंजिन उभ्या गाडीतही चालू होतं. पेट्रोलची वीज, वीज बॅटरीत, बॅटरीतून मोटरला : प्रत्येक टप्प्यावर गळती. त्यापेक्षा त्याच मीटरच्या इको पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहून इंजिनवर 45 पर्यंत वेग घ्या, पाय पूर्ण उचला, इंजिन बंद पडू द्या, मग पेडल जेमतेम दाबून ईव्हीवर, म्हणजे नुसत्या विजेवर, वेग टिकवा. राजारामपुरीच्या सपाट रस्त्यावर हे छान साधतं. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं अडकलात तरी चिडू नका, त्या वेगात ही गाडी बराच वेळ विजेवर चालते.

इको मोडला गाडी नवी असताना मी पूर्ण गुण दिले असते. आता नाही. तो ॲक्सिलरेटर मऊ करतो आणि एसी आवरतो, एवढंच. पाय शिकला की नॉर्मलमध्येही तेच मायलेज येतं. एसीचं मात्र गंभीरपणे घ्या. कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला उभं असतानाही बॅटरी खातो. 25-26 वर ठेवा.

आता माझा खरा राग. बॅटरी फक्त 0.76 युनिटची, त्यातलीही सगळी वापरात येत नाही. पन्हाळा साधारण 975 मीटरवर, कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. माणसांसकट दीड टनाची गाडी चारशे मीटर खाली येते, म्हणजे सुमारे 1.6 युनिट ऊर्जा. हवेत आणि टायरमध्ये जाते ती वजा केली तरी उरलेली बॅटरीत मावत नाही. उतरताना घाटातलं वाघबीळ यायच्या आधीच ती भरते आणि पुढच्या उतारावर फुकटची वीज सोडून द्यावी लागते. घाटाच्या प्रदेशात विकायच्या गाडीत दुप्पट बॅटरी हवी होती, हे मी ठामपणे म्हणतो.

त्यात 'उतारावर बी मोड टाका, जास्त चार्ज होते' हा सल्ला सगळीकडे फिरतोय. चुकीचा आहे. बी ही गिअरच्या दांड्यावरची उतारासाठीची जागा, तिथं ऊर्जेचा काही भाग इंजिन फिरवण्यात जातो. उतार सौम्य असेल तर सुरुवातीला नेहमीच्या डी मध्येच हलका ब्रेक धरा, बॅटरी भरत आली की बी टाका. उतार तीव्र असेल तर मायलेज विसरून आधीपासून बी. ब्रेक तापू देण्यात शहाणपण नाही. बॅटरी भरल्यावर पाय वर असतानाही इंजिन गुरगुरतं, तो बिघाड नाही. त्या वेळी पेट्रोल जात नसतं, मोटर इंजिनला नुसती फिरवून जादा वीज संपवत असते. न्यूट्रलवर उतरू नका, न्यूट्रलमध्ये चार्जिंग होतच नाही.

सकाळी दूध आणायला दीड किलोमीटर गाडी काढली तर हायब्रिडचा उपयोग शून्य. थंड इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापेपर्यंत इंजिन चालणारच. कामं जोडून एका फेरीत करा.

टायरची हवा थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, दर पंधरा दिवसांनी. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी आहे, तिच्यावर पिशव्या किंवा ब्लँकेट टाकू नका. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीकडं रोजचं जाणं असेल तर सर्व्हिसला तिचा फिल्टर समोर काढून साफ करून घ्या. तो तुंबला की बॅटरी तापते आणि गाडी स्वतःच विजेचा वापर आखडता घेते.