टीडी ट्रॅप की बॉल फ्लोट?

स्टीम ट्रॅप म्हणजे वाफ अडवून तिचं झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, तेवढं बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. डेअरीत सीआयपीचं (टाक्या-पाइप न उघडता आतून धुण्याचं) पाणी वाफेवर तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरला आमच्याकडे आधी टीडी (थर्मोडायनॅमिक, चकतीचा) होता, गेली तीन वर्षं बॉल फ्लोट (तरंगत्या गोळ्याचा) आहे. कुणी विचारलं तर सांगतो, दोन्ही चालतात.

टीडी मुठीएवढा, स्वस्त, आत हलणारी एकच चकती. वॉटर हॅमरला, म्हणजे वाफेच्या जोराने पाइपात आदळणाऱ्या पाण्याला, दाद देत नाही. फ्लोटचा गोळा आमच्याकडे एकदा चेपलाय. शिवाय टीडी थांबून थांबून सोडतो, त्यामुळे वाफ पास होत असेल तर कानाला कळतं. फ्लोटचं सोडणं अखंड, तिथे ते कळत नाही. सात किलो दाबाच्या वाफेचं कंडेन्सेट १७० अंशांच्या आसपास असतं, उघड्यावर आलं की त्यातलं जेमतेम १३ टक्के पुन्हा वाफ होतं. पण एक किलो कंडेन्सेटमागे ही वाफ भरते दोनशे लिटरच्या वर, आणि पाणी लिटरभरसुद्धा नाही. ड्रेनपाशी उभं राहिलं की नुसती वाफच दिसते. एका साहेबांनी ती बघून चांगला फ्लोट खोलायला लावला होता. आत काही बिघाड नव्हता.

तरी मी फ्लोटकडे वळलो, ते पहाटेच्या पाळीमुळे. रात्री वाफ बंद झाली की एक्स्चेंजरात हवा शिरते. चार वाजता व्हॉल्व्ह झटकन उघडला की ती हवाच टीडीची चकती दाबून बसवते. कंडेन्सेट आत तुंबतं, पाणी तापत नाही, टँकर दारात. मग ऑपरेटर बायपास, म्हणजे ट्रॅपला वळसा देणारा व्हॉल्व्ह, उघडतो. उघडायची आठवण त्याला बरोबर होते, बंद करायची नाही. नऊ वाजता मी येतो तर कंडेन्सेट परत येतं त्या बॉयलरच्या फीड टँकच्या झाकणातून वाफा, आणि फीड पंपात खडे फिरल्यासारखा आवाज. आठवण राहावी म्हणून बायपासच्या चाकाला लाल चिंधी बांधली. महिन्याभरात चिंधी तपकिरी झाली, बायपास उघडाच.

फ्लोटमध्ये हवेला वेगळी वाट असते, गार असेपर्यंत उघडी. बायपासचं चाक आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सुरुवातीला दोनदा मागून झालं, हल्ली कुणी विचारत नाही.

वाफेच्या मेन लाइनच्या ड्रिप पॉकेटवर (पाइपातलं पाणी जिथे जमतं तिथे) मात्र मी अजून टीडीच ठेवलेत, तिथे फ्लोटवर पैसे घालावेत असं मला तरी वाटत नाही. आणि फ्लोट घेतलाच तर बसवताना स्वतः उभे राहा. टीडीच्या सवयीने फिटर तो कसाही आडवातिडवा बसवतो. गोळ्याची दांडी वर-खाली हलायला हवी.